समोरून येणाऱ्याला

समोरून गाडी आली की कुणी मागे सरायचं, हे हाल्से बेटावरच्या शेंबड्या पोरालाही कळतं. सुट्टीला आलेल्या फर्गसला मात्र कळत नव्हतं. रस्ता एकाच गाडीपुरता, दोन्ही अंगांना दलदल, आणि समोर इशबेलची पांढरी मिनीबस. फर्गसने आपली भाड्याची गाडी मागे घेतली... अजून मागे... आणि मागचं चाक खाडकन चरात गेलं.

इशबेल भुरभुर पावसात खाली उतरली. तिने आधी चाकाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"काय काम करता तुम्ही?"

"डोळे तपासतो. ग्लासगोला, चष्म्याच्या दुकानात."

"वा! मग एवढा मोठा चर दिसला असेलच."

त्याचे कान लाल झाले. मग तो हसला. हसू त्याच्या ओठांवर आधी यायचं आणि डोळ्यांत जरा उशिरा पोचायचं, हे तिच्या लगेच लक्षात आलं. नको ते नेमकं लक्षात येतं माणसाच्या!

गाडीचा मोडलेला भाग मागवायला लागणार होता, म्हणून दुसऱ्या दिवसापासून फर्गस इशबेलच्या बसमध्ये. उन्हाळाभर ती पाहुण्यांना बेट दाखवायची: सील, पफिन पक्षी, माळावरचे प्राचीन उभे दगड, पांढऱ्या वाळूचा किनारा. शिवाय गावच्या एफी आजींना दुकानातही तीच न्यायची, आणि आजी गप्प बसायच्या नाहीत. फर्गसने पुढची, तिच्या शेजारची जागा धरली ती धरलीच.

"तुमची ओळख भलतीच दांडगी आहे," तो म्हणाला. "समोरून येणाऱ्या प्रत्येकाला स्टिअरिंगवरून बोट उचलून रामराम. काल मलाही केलात. मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"काही नाही. जाऊ द्या."

"अरे, त्याला वाटलं खास त्याच्यासाठीच!" आजी मागून खिदळल्या. "बाबा रे, ती मेंढ्यांच्या ट्रकलासुद्धा बोट उचलते. इथे न उचलणं म्हणजे उघड भांडण."

खरंच, हाल्सेवर दोनच गोष्टींना किंमत आहे, धक्क्यावरची बोट आणि स्टिअरिंगवरचं बोट. संध्याकाळपर्यंत फर्गसही शेजारी बसून मोठ्या गांभीर्याने बोट उचलू लागला, आणि इशबेलला हसू आवरेना.

उभ्या दगडांपाशी सगळे पाहुणे विचारतात की हे किती जुने. फर्गसने विचारलं, "लहानपणी तू कुठल्या दगडामागे लपायचीस?" हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. तिने तो दगड दाखवला. तिथे वाकून लपताना उंचापुरा फर्गस दोन्ही बाजूंनी दिसत होता, आणि ती इतकी हसली की बाकीचे पाहुणे वळून बघू लागले.

किनाऱ्यावर दोघं बूट काढून पाण्यात शिरली. पाणी इतकं थंड की तो किंचाळलाच. मग थरमासमधला चहा एकाच झाकणातून आळीपाळीने पिताना ती बोलून गेली... दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात कीथ नावाचा एक जण आला होता. परत येतो म्हणाला. प्रत्येक बोटीला ती धक्क्यावर जात राहिली, अगदी बर्फ पडेपर्यंत.

"आला?"

"पोस्टकार्ड आलं."

फर्गसने झाकण तिच्या हातात दिलं, आणि बोटांना बोटं लागली तेव्हा दोघांपैकी कुणीच हात मागे घेतला नाही. त्या रात्री इशबेल स्वतःवरच चिडली. ती त्याच्या प्रेमात पडली होती, आणि तो शनिवारी जाणार होता.

शनिवारी पाहुण्यांना धक्क्यावर सोडून ती परत निघाली. समोरून त्याची दुरुस्त झालेली गाडी आली, आणि या खेपेला तो बरोबर रस्ता रुंद होता तिथे कडेला थांबला. आता बोट उचलायचं, एवढंच. पण पोस्टमनला जो रामराम करायचा, मेंढ्यांच्या ट्रकला जो करायचा, तोच याला करायचा आणि याला जाऊ द्यायचं? तिचा हात उचललाच गेला नाही. स्टिअरिंग घट्ट धरून ती तशीच पुढे निघून गेली, आणि पुढच्या वळणावर तिला रस्ता दिसेनासा झाला म्हणून तिने बस थांबवली. डोळे पुसेपर्यंत खिडकीवर टकटक झाली. फर्गस पावसात धापा टाकत उभा होता.

"माझं काय चुकलं?"

"काही नाही."

"मग बोट का नाही उचललंस? आजी म्हणाल्या होत्या, म्हणजे भांडण."

"मग भांडणच समज."

"कशावरून?"

"तू चाललायस यावरून!"

तो घाईघाईने म्हणाला, "मी परत येईन, इशबेल. पुढच्या उन्हाळ्यात, नक्की..."

"उन्हाळ्याचं बोलू नकोस." तिने काच पूर्ण खाली केली. "उन्हाळ्यात सगळेच येतात. जानेवारीत ये. पफिन उडून गेलेले असतात. उभे दगड धुक्यात हरवतात, किनाऱ्यावर वाऱ्याने पाय ठरत नाही, आणि चहाच्या वेळेआधीच काळोख."

"मग बघायला काय उरतं?"

कीथला हे ती कधीच म्हणू शकली नव्हती.

"मी," ती म्हणाली.

धक्क्यावरून बोटीचा भोंगा झाला. फर्गस हलला नाही. ओला, गार हात त्याने खिडकीतून आत घातला आणि तिचा हात धरला. हसत नव्हता तो आता.

"पहिल्या आठवड्यात येऊ, की दुसऱ्या?"

"पहिल्या," ती म्हणाली, आणि हात त्याच्या हातात तसाच राहू दिला.