हितसंबंध असल्यास लिहा

मौद्याच्या कारखान्यात मोठ्या साचायंत्रावर ताब्याचं स्टिकर चिकटवायला दीक्षा गजभिये वाकली, तर तिथे आधीच एक निळं स्टिकर होतं. सिंगापूरच्या कंपनीचं.

"तुमचं जरा खाली लावा," यंत्रामागून आवाज आला. "दोघायले जागा आहे."

तो प्रीतम ढोके. जरीपटक्याचा वकील, बाहीला ग्रीस लागलेला. कारखाना दिवाळखोरीत होता, आणि त्याची सिंगापूरची मूळ कंपनीही. तिथल्या लिक्विडेटरला, म्हणजे बुडालेल्या कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणाऱ्याला, ही चार यंत्रं नेऊन विकायची होती. प्रीतम त्यांचा इथला माणूस. दीक्षा रामदासपेठेतल्या काळबांडे साहेबांकडे काम करायची. चालू कारखान्याला नवा मालक शोधायला न्यायाधिकरणाने साहेबांना नेमलं होतं. यंत्रं गेली तर कोणी मालक येणार नव्हता आणि दोनशे बारा कामगार घरी बसणार होते.

सिंगापूरचा आदेश इथे आपोआप चालत नाही. यंत्रं कोणाची, हे इथेच ठरायचं होतं. सुनावणीला एकवीस दिवस होते.

त्यानंतर प्रीतम दीक्षाच्या ऑफिसात वरचेवर दिसू लागला. कधी कागदाची प्रत घ्यायला, कधी नुसताच. एकदा तर्री-पोहे घेऊन आला. तिला तिखट चालतं का, ती घरी कशी जाते, रविवारी काय करते... प्रश्न संपायचे नाहीत. दीक्षा पोहे खायची, पण आधी फाइल कपाटात ठेवून किल्ली पर्समध्ये टाकायची.

"तुम्ही मले इतकं काहून विचारून राहिले?" तिने एकदा सरळच विचारलं.

"वकील आहो ना... सवय."

तो हसला. हसताना तो खाली पाहतो, हे तिच्या लक्षात आलं. ते लक्षात आलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

सुनावणीला चार दिवस उरले असताना समोरच्या बाजूकडून पत्र आलं. या कामातल्या प्रत्येकाला लिहून द्यावं लागे, की समोरच्या बाजूच्या कोणाशी आपला हितसंबंध नाही. दीक्षाने दोनदा 'नाही' लिहून सही केली होती. प्रीतमने या वेळी 'आहे' लिहून काम सोडलं होतं. नाव दिलेलं नव्हतं. पुढे एकच ओळ होती: 'एकतर्फी आहे, त्या व्यक्तीला कल्पना नाही.'

काळबांडे साहेबांनी चष्मा काढला. "तुले माहीत होतं काय वं?"

"नाही, सर." ते खरंच होतं. साहेबांनी फाइल तिच्याकडेच राहू दिली.

तिचा मात्र विश्वास बसेना. आपल्याला विचलित करायची ही नवी युक्ती असणार. तिने कपाट उघडून एकेक कागद मोजला. आयातीची कागदपत्रं, खरेदीदार म्हणून मौद्याच्या कारखान्याचं नाव — सगळं जागेवर होतं. प्रीतमचा फोन आला नाही. तो येईल म्हणून ती सावध होती. तो येतच नाही म्हणून आणखी सावध झाली.

सुनावणीत आदेश झाला: यंत्रं मौद्यातच राहतील. संध्याकाळी ती ऑफिसातून खाली उतरली, तर फाटकाशी प्रीतम उभा होता.

"आता काय पाहिजे?" ती म्हणाली.

"काही नाही. राहिली ना यंत्रं?"

"तुम्हाले काय त्याचं? काम सोडलं म्हणून तुमची सिंगापूरवाल्यांकडची नोकरी जाणार होती म्हणे."

"गेली."

दीक्षा थांबली. "मले आधी काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं, तर तुम्हालेही लिहून द्यावं लागलं असतं..." तो खाली पाहत म्हणाला. "मंग फाइल तुमच्या हातून गेली असती."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. जबाबातली एखादी चूक शोधावी तसं. सापडली नाही.

"माझं काम झालं आज," ती म्हणाली. "आता विचारा काय विचारायचं ते."

इतके दिवस प्रश्न विचारणाऱ्या वकिलाला एकही प्रश्न सुचेना.

"शनिवारी मी रिकामी आहे," शेवटी तीच म्हणाली.