दुसऱ्याच्या हातवळणीचं

ट्रकची स्टिअरिंगं दुरुस्त करण्यात माझी हयात गेली, पण माझ्या ताईसारखं कटकटं गिऱ्हाईक दुसरं नाही. दाजींच्या पाठीनं दगा दिल्यापासून त्यांचा ट्रक तीच चालवते. मध्यम मापाची गाडी, पण तिचा जीव की प्राण. त्या दिवशी ती गॅरेजमध्ये आली ती तणतणतच.

"अरे, मी स्टिअरिंग फिरवते आज आणि गाडी वळते उद्या! बघ काय ते."

गाडीखाली शिरलो. झिजलेले सांधे लगेच बदलले, पण मुख्य स्टिअरिंग बॉक्सच आतून खलास झाला होता. दुकानातून नवा आणला, तर त्याच्या दांड्याचे दाते आमच्या गाडीला बसेनात. जुळणारा यायला आठवडा लागणार होता आणि ताईचं भाडं दुसऱ्याच दिवशीचं. शेवटी भंगारवाल्याकडे गेलो. त्याला सगळे मामा म्हणतात.

"हा घे, तुझ्याच मॉडेलचा," मामा म्हणाला. "त्या गाडीला साधा ओरखडाही नव्हता."

"मग भंगारात कशी आली?"

मामा नुसताच खोकला.

मी दांडा फिरवून पाहिला. गळती नाही, ढिलाई नाही. कुणातरी चांगल्या ड्रायव्हरच्या हातवळणीचा असणार, म्हटलं. नेला, बसवला, नवं लाल तेल भरलं आणि दुपारी दोघं चक्कर मारायला निघालो. धुकं इतकं दाट, की दिवसाढवळ्या दिवे लावावे लागले.

गावाबाहेर पडल्यावर ताई हळूच म्हणाली, "तू हात लावलायस का?"

"कशाला?"

"स्टिअरिंगला. माझ्याबरोबर कुणीतरी... धरल्यासारखं वाटतंय."

"बॉक्स बदललाय, लागेल जरा जड," मी म्हणालो. पण जड स्टिअरिंग दोन्हीकडे जड लागतं. हे डावीकडे अलगद जात होतं आणि उजवीकडे ओढलं की अडून बसत होतं. काचा बंद होत्या, तरी केबिनमध्ये शेवाळाचा ओला वास भरत चालला होता.

फाटा आला. आम्हाला सरळ जायचं होतं. स्टिअरिंग डावीकडे फिरलं. झटक्यानं नव्हे, रोजच्या वाटेवरचा माणूस वळवतो तसं, सावकाश, सराईतपणे.

"ताई, ब्रेक!"

"दाबलाय रे... कधीचा दाबलाय..."

चाकांखालची खडी वाजायची थांबली. चिखल लागला. मी जीव खाऊन हँडब्रेक ओढला. गाडी आचका देऊन थांबली, इंजिन बंद पडलं. समोर पाणी चुळबुळत होतं. तलाव! पुढची चाकं पाण्यातच होती.

इंजिन बंद असलं की या गाडीचं स्टिअरिंग हलवायला दोन गडी लागतात. ताईनं हात सोडले होते. मीही धरलं नव्हतं. ते अजून फिरत होतं...

आम्ही उड्या टाकून पळालो.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून आणली. बॉक्स खोलला. लाल तेलाचा थेंबही नव्हता. आतून निघालं पाणी, बर्फासारखं गार, केसांसारखं शेवाळ घेऊन. मी तो बॉक्स मामापुढे आदळला.

"तलावाकाठी सापडली ती गाडी," मामा खाली बघत म्हणाला. "इंजिन चालू, दार उघडं. ड्रायव्हरचा पत्ता नाही. पाणी ढवळून काढलं लोकांनी, पण माणूस काही मिळाला नाही."

"आधी का नाही बोललास?"

"बोललो असतो तर नेला असतास?"

पुढे जुळणारा बॉक्स आला, बसवला. गाडी आता शहाण्यासारखी चालते. ताईनं तो विषयच टाकला. मीही सुटकेचा निःश्वास टाकला होता. पण परवा दाजी काठी टेकत आले आणि आधी दार लावून घेतलं.

"तुझी ताई जेवून पडते ना दुपारची... झोपेत तिचे हात वर येतात. काहीतरी धरल्यासारखे. मग हळूहळू डावीकडे वळतात."

"दमली असेल. धरून ठेवायचे."

"धरले. पाठीची पर्वा केली नाही, सगळा भार टाकला मनगटांवर. ती ताकद तिची नाही रे..."

"मग उठवायचं होतं तिला!"



"उठवलं. डोळे उघडून बोलली माझ्याशी. चहा टाकू का, म्हणाली. हात फिरतच होते."