अडीच सेंटिमीटरचा खड्डा

भिंतीकडे तोंड करून उभं राहण्याचा अनुभव अनोमा रामटेकेइतका तिच्या शाळेत दुसऱ्या कुणालाच नव्हता. तिसरीपासून सहावीपर्यंत तिने वर्गाच्या चारही भिंती अगदी जवळून पाहिल्या होत्या. म्हणूनच वेळूखोरी विहार संग्रहालयातला तो दगड पाहताच ती थबकली.

मागच्या कोपऱ्यात, भिंतीलगत, फरशीच्या एका दगडात दोन खड्डे होते. शेजारीशेजारी, पावलांच्या आकाराचे. बोटं भिंतीकडे, टाचा खोलीकडे.

"इथे कोणाला शिक्षा झाली होती?" तिने विचारलं.

"शिक्षा नाही!" वाटाड्या घरंगळत पुढे आला. वाटाड्या म्हणजे संग्रहालयाचा माहिती देणारा यंत्रमानव. त्याला तीन चाकं होती, दोन हात होते आणि आत्मविश्वास भरपूर होता. "ही ध्यानशिळा. भिक्खू इथे भिंतीकडे तोंड करून तासन्‌तास ध्यान करत उभे राहायचे. सातशे वर्षं उभं राहून राहून दगड झिजला."

अनोमाने आपल्या आजोबांकडे पाहिलं. आबाजी, म्हणजे डॉ. वामन रामटेके, निवृत्त शास्त्रज्ञ होते. रेल्वेची चाकं आणि ब्रेक कसे झिजतात याचा त्यांनी चाळीस वर्षं अभ्यास केला होता. घरी येणाऱ्या कुणाच्याही चपलेचा तळवा पाहून तो माणूस आळशी आहे की नाही हे ते सांगत, त्यामुळे पाहुणे त्यांच्याकडे चपला लपवून ठेवत.

"आबाजी, मी एवढी वर्षं उभी राहिले. आमच्या वर्गाची फरशी तर जशीच्या तशी आहे."

"तुमची आकडेवारी फक्त चार वर्षांची आहे," वाटाड्या म्हणाला.

आबाजी हसले. दगडाकडे मात्र ते वाकून वाकून पाहत राहिले.

हा विहार मुळात शहरापासून दूर, नदीकाठच्या टेकडीवर होता. तो कधीचाच कोसळला होता. धरणाचं पाणी चढणार म्हणून त्याचे सगळे दगड उचलून शहरात आणले आणि मेट्रो स्टेशनसमोरच्या काचेच्या उंच इमारतीत तळमजल्यावर पुन्हा जुळवले. जुळवण्याचं काम वाटाड्याने केलं होतं. आज चार वाजता उद्‌घाटन होतं आणि आता अडीच वाजले होते.

तेवढ्यात संग्रहालयाच्या प्रमुख खोब्रागडे मॅडम घाईघाईने आल्या. त्यांच्या मागून एक बुटका, जाडजूड यंत्रमानव येत होता. त्याच्या पोटात काहीतरी घुसळल्याचा आवाज येत होता.

"रामटेके सर, जरा बाजूला व्हा," मॅडम म्हणाल्या. "सकाळपासून या खड्ड्यात तीन जण अडखळलेत. तिसरे आमचे अध्यक्ष. थेट झेंडूच्या परडीत पडले. आता हा गिलावा खड्डे बुजवून टाकेल."

"खड्डा आढळला," गिलावा म्हणाला. "खड्डा बुजवण्यात येईल." आणि त्याने चुन्याची नळी बाहेर काढली.

अनोमाला काय वाटलं कोण जाणे, ती पटकन पुढे झाली आणि दोन्ही खड्ड्यांत पाय ठेवून उभी राहिली. विहारात शिरताना सगळ्यांनी चपला काढल्या होत्याच.

"अडथळा आढळला. अडथळ्याने कृपया बाजूला व्हावे."

"मी अडथळा नाही. मी अनोमा आहे."

"अनोमा हा अडथळा आढळला," गिलावा म्हणाला आणि नळी वर धरून थांबला. माणसावर चुना ओतायचा नाही, एवढा नियम त्याला शिकवलेला होता.

"अगं बाळा, तो चुना तासाभरात दगडासारखा होतो. त्याच्या पोटातच आळला तर?" मॅडम काकुळतीला आल्या.

अनोमाचं लक्ष मात्र आपल्या पायांकडे होतं. "आबाजी, हे खड्डे मला बरोबर होतात! आणि टाचेखाली खड्डा जवळजवळ नाहीच. सगळा खोलगटपणा पुढे, चवड्याखाली आहे."

आबाजींचे डोळे चमकले. त्यांनी तिच्या दप्तरातून कंपासपेटी काढली आणि वहीवर पेन्सिलीने एक रेघ मारली. मग खोडरबर रेघेवर जोरात दाबून धरला. "वाटाड्या, रेघ पुसली गेली?"

"नाही."

आबाजींनी खोडरबर घासला. "आणि आता?"

"पुसली गेली."

"हे घर्षण (एक वस्तू दुसरीवर सरकताना होणारा अडथळा). नुसत्या दाबाने झीज जवळजवळ होतच नाही, सरकावं लागतं. तळव्याला चिकटलेली वाळू दगडावर घासली की दगडाचा कण सुटतो. एखादा माणूस ध्यान करत हजार तास स्थिर उभा राहिला, तरी खड्डा पडणार नाही."

वाटाड्याच्या डोक्यावरचा दिवा दोनदा मिचमिचला. "मग ध्यान करताना ते नाचत असतील."

"थांब रे बाबा, हिशोब करू. हा वालुकाश्म आहे (वाळूचे कण घट्ट बसून झालेला दगड). असल्या दगडावर अनवाणी पाय एकदा घासला, तर साधारण एक नॅनोमीटर दगड जातो असं समजू."

"नॅनोमीटर म्हणजे केवढा?" अनोमाने विचारलं. ती अजून खड्ड्यातच उभी होती.

"एका सेंटिमीटरचे एक कोटी भाग कर. त्यातला एक. तुझं नख एका सेकंदात जेमतेम तेवढं वाढतं. म्हण, एक!"

"एक!"

"झालं. वाढलं. आता खड्डा किती खोल आहे?"

वाटाड्याने प्रकाशाची रेघ टाकून मोजलं. "अडीच सेंटिमीटर. म्हणजे अडीच कोटी नॅनोमीटर. म्हणजे अडीच कोटी वेळा घासलेले पाय." सांगता सांगता त्याचाच आवाज बारीक झाला. "विहार सातशे वर्षं वापरात होता. म्हणजे सुमारे अडीच लाख दिवस. भागाकार केला, तर रोज शंभर वेळा."

"अंदाजे," आबाजी म्हणाले. "पन्नास असेल, दोनशे असेल. पण पाच नाही आणि पाच हजारही नाही. आता सांगा, रोज शंभरेक वेळा चवड्यांवर उभं राहून माणूस काय करतो?"

मॅडमही चुना विसरून विचार करू लागल्या. "फळीवरचा डबा काढतो?"

"शंभर डबे?" अनोमा म्हणाली. तिने टाचा उंचावून पाहिल्या. हात आपोआप वर गेले. तोल सावरायला काहीतरी धरावंसं वाटलं. तिने हवेतच मूठ आवळली आणि खाली ओढली. चवडे दगडावर घासले.

"दोरी! आबाजी, दोरी ओढत होते! घंटेची! सकाळी, दुपारी, संध्याकाळी, प्रत्येक वेळी तीस-पस्तीस टोले!"

"शाब्बास! पण हे अजून गृहीतक आहे (पुराव्याने पडताळायचा अंदाज). खरं असेल, तर दोरीनेही कुठेतरी दगड झिजवला असणार. विहिरीच्या काठावर खाचा पडतात ना, तशा."

वाटाड्या घरंगळत दोन हात मागे सरकला.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"दगड क्रमांक तीनशे बारा," तो हळूच म्हणाला. "त्यावर बोटभर रुंद, गुळगुळीत खाच आहे. तो मी स्वयंपाकघरात बसवला. पाटी लावली आहे, 'भाजी टांगण्याची सोय'."

"आणि तो सापडला कुठे होता?"

"दारापाशी. ढिगाऱ्यात. या पावलांच्या दगडापासून तीन फुटांवर."

"अरे, मग दोघांची ताटातूट का केलीस?"

"एक आडवा होता, एक उभा. मी आकारानुसार लावले." वाटाड्याने मान खाली घातली. "दारावरच्या भिंतीत एक जागा रिकामी राहिली होती. तिथे मी नवा दगड घडवून बसवला. छान दिसत होता."

त्यानंतरच्या पाऊण तासात विहारात जी पळापळ झाली ती विचारू नका. छतावरच्या यांत्रिक हाताने नवा दगड काढला आणि तीनशे बारा क्रमांकाचा उचलून त्या जागी धरला. तो खटकन बसला, केसाइतकीही फट राहिली नाही. पावलांचा दगड दाराशी आणला, तेव्हा खाच बरोबर त्याच्या वर आली. कुणी अडखळू नये म्हणून मॅडमनी भोवती साखळी लावली.

गिलाव्याचा चुना मात्र घट्ट व्हायला लागला होता. "खड्डा आवश्यक आहे," तो कळवळून म्हणत होता. "कृपया खड्डा दाखवावा."

"बाहेर रस्त्यावर जा, बाप्पा," आबाजी म्हणाले. "तिथे तुला हवे तेवढे मिळतील."

तो खरंच गेला. मेट्रो स्टेशनसमोरचा सगळ्यात मोठा खड्डा त्या दुपारी बुजला आणि दोन रिक्षावाल्यांनी थांबून टाळ्या वाजवल्या.

चार वाजायला दहा मिनिटं असताना वाटाड्या नवी पाटी घेऊन आला. वर लिहिलं होतं, 'इथे बालभिक्खू रोज घंटा वाजवत.'

"बालभिक्खू कशावरून?" आबाजींनी विचारलं.

"पावलं लहान आहेत."

"माझ्या आईचीही पावलं एवढीच होती. घंटा वाजवणाऱ्या भिक्खुणी असतील, मुलं असतील, नाहीतर बुटके आजोबा असतील. दगड सांगतो तेवढंच लिही. पुढचं माहीत नसेल, तर माहीत नाही असं लिही."

"माहीत नाही," वाटाड्याने हे शब्द सावकाश उच्चारून पाहिले, जणू जिभेवर नवीन पदार्थ ठेवला होता. त्याला ते आवडले असावेत. पुढच्या दहा मिनिटांत त्याने आणखी चौदा पाट्यांवर ते लिहून टाकले.

उद्‌घाटनाला फीत कापायचं ठरलं होतं, पण मॅडमनी बेत बदलला. संग्रहालयाच्या दुकानातली पितळी घंटा बाहेर टांगली होती. तिची दोरी जुन्या खाचेत मऊ कापड घालून त्यावरून खाली सोडली होती. "एकदाच हं," मॅडम अनोमाला म्हणाल्या.

अनोमा साखळी ओलांडून आत गेली. पावलं खड्ड्यांत ठेवताना तिला दगड गार लागला. तिच्याआधी इथे कितीतरी जण उभे राहिले होते. कोणाचंही नाव कुठे लिहिलेलं नव्हतं. प्रत्येकाने डोळ्याला न दिसणारा एकेक कण नेला होता आणि त्या सगळ्यांची मिळून ही ठसठशीत सही झाली होती. तिने टाचा उंचावल्या, दोरी ओढली आणि घंटा खणखणली.

टाळ्या थांबल्यावर वाटाड्या आबाजींच्या जवळ सरकला. "सर, रबरी चाकांनीही दगड झिजतो?"

"झिजतो की. तू रोज या दारातून शंभर वेळा जातोस. सातशे वर्षांनी इथे तीन पन्हळी पडतील, आणि तेव्हाचे शास्त्रज्ञ डोकं खाजवतील की हा तीन पायांचा प्राणी कोणता होता."

वाटाड्याचा दिवा लखलखला. तो दारापर्यंत गेला, वळला, परत आला, पुन्हा गेला. पाहुणे त्याला वाट देत होते.

"वाटाड्या, काय चाललंय?" मॅडम ओरडल्या.

"काम सुरू केलंय, मॅडम," तो जाता जाता म्हणाला. "नऊ नॅनोमीटर झाले."