खाणीच्या वळणावरचा बोर्ड

विचारलंत म्हणून सांगतो. पण मधे टोकू नका, मला खपत नाही.

मी रस्ते खात्यात बोर्ड लावायचो. गाड्या डावीकडून चालवायचा नियम जाऊन उजवीकडचा आला, त्या वर्षीची गोष्ट. नवे बोर्ड आम्ही महिनाभर आधीच ठोकले होते, वर गोणपाट बांधून. ठरलेल्या रविवारी सकाळी सहाला प्रत्येकाने आपापल्या बोर्डांवरची गोणपाटं सोडायची. माझा शेवटचा बोर्ड खाणीच्या वळणावर होता. थंडी मरणाची, त्यात सायकल पंक्चर. म्हटलं, एका बोर्डाने काय आभाळ कोसळतंय? चहा घेऊन जाऊ.

दुधाच्या टँकरवाल्याला तीस वर्षांची सवय. बोर्ड झाकलेला, म्हणून तो आपला डावीकडूनच आला. समोर बस दिसली तसा त्याने टँकर खाणीत घातला. बस वाचली. मी पोहोचलो तेव्हा खालचं पाणी पांढरं झालं होतं. पोलीस यायच्या आत मी गोणपाट सोडलं आणि पिशवीत कोंबलं. "बोर्ड स्वच्छ दिसत होता, प्यायला असेल," असं चौकशीत मीच सांगितलं. त्याच्या बायकोच्या तोंडावर.

सहा वर्षांनी माझी लेक गाडी शिकत होती. मी शेजारी बसलो होतो. भर दुपारी त्याच वळणावर तिने एकदम समोर बोट दाखवलं.

"बाबा, टँकर... आपल्याच बाजूने येतोय."

रस्ता रिकामा होता. पण नासलेल्या दुधाचा भपकारा आला.

"काही नाहीये. तू उजवीकडेच ठेव."

"तो हात करतोय... डावीकडे घे म्हणतोय..."

डावीकडे खाण होती. तिने स्टिअरिंग फिरवलं. मी दोन्ही हातांनी ओढलं, हलेना. चाक कठड्याला घासलं तेव्हा मी त्या रिकाम्या रस्त्यावर ओरडलो, "गोणपाट मी काढलं नव्हतं! उद्या साहेबांना सगळं लिहून देतो, पण पोरीला सोड!"

गाडी जागच्या जागी बंद पडली.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या दारापर्यंत गेलो. निवृत्तीला चार महिने उरले होते. मेलेल्याला आता काय फरक पडतो, म्हटलं, आणि परत फिरलो. लाज वाटली, नाही असं नाही.

लेकीने गाडी चालवणं सोडलं. पण तेव्हापासून ती घरातही कोणाला तरी वाट देते. जिन्यात अंग चोरते, दारात थांबून राहते. आज सकाळी पॅसेजमध्ये तिने माझा दंड धरून मला भिंतीशी दाबलं.

"बाबा, सरका. त्याला जाऊ द्या."

आम्ही श्वास रोखून उभे राहिलो.

"गेला?" मी विचारलं.

"नाही..." ती हळूच म्हणाली. "तो म्हणतोय, आधी तुम्ही."