माझा डावा पाय

"तू माझ्याकडून मुद्दाम हरतोस का?"

हा प्रश्न मैत्रिणींनी पैज लावून माझ्या गळ्यात मारला होता. "हिंमत असेल तर विचार, नाहीतर आम्ही विचारतो!" असं म्हणत दोघी कुस्तीच्या हॉलच्या दारात ठाण मांडून उभ्या. मग काय, मॅटवर गेले आणि एका दमात विचारून टाकलं.

सरावातला माझा जोडीदार बुटाच्या नाड्या बांधत होता. हात थांबले. कान लालेलाल. मग पुन्हा तीच गाठ बांधायला लागला.

माझी खरी पंचाईत इथेच होती! तो 'हो' म्हणाला, तर मी त्याला आवडते – पण मग माझे सगळे विजय खोटे. 'नाही' म्हणाला, तर मी खरीच भारी पैलवान – पण मग... जाऊ दे. मला दोन्ही उत्तरं हवी होती. एकाच वेळी!

आमची जोडी सरांनी जमवली, तीही वजनकाट्यावर. माझ्या वजनाची दुसरी मुलगी नव्हती. मी त्रेपन्न किलो, हाही त्रेपन्न. "लाजायचं नाही, लढायचं," एवढंच सर म्हणाले. सुरुवातीला तो मला रोज लोळवायचा. गेले दोन महिने मात्र मीच जिंकत होते, आणि शाळेत काय ऐटीत फिरत होते! त्यात निवासी प्रशिक्षण केंद्राची निवड चाचणी सहा दिवसांवर आलेली.

"अरे, बोल ना!"

"तुला कशाला हवंय?"

"शनिवारी समोरची पोरगी मला सोडणार नाहीये, म्हणून!"

तो उठला. "ये मग."

वीस सेकंद. फक्त वीस! त्याने उजवीकडे हूल दिली, खाली वाकून माझा डावा पाय उचलला, आणि मी पाठीवर. वर छताचे पंखे गरगरताना दिसले. दारातून आवाज आला, "आई गं!"

त्याने उठवायला हात पुढे केला. मला भयंकर राग आला होता. मी तो हात धरला नाही, तशीच पडून राहिले.

"तुझा डावा पाय उशिरा मागे येतो," तो हळूच म्हणाला. "पहिल्या दिवसापासून माहितीये."

"आणि आत्ता सांगतोस?"

"आधी सांगितलं असतं, किंवा तोच पाय धरून पाडत राहिलो असतो, तर तू सुधारली असतीस. निवड झाली असती. आणि मग..." तो मॅटकडे बघायला लागला. "गेली असतीस."

"म्हणजे माझं वाटोळं करायला निघाला होतास?"

"हो. पण नाही जमलं... सांगून टाकलं ना."

याला दोन रट्टे द्यावेत की याचा हात धरावा? मला काहीच कळेना! शेवटी हात धरला, जरा जोरातच, आणि उभी राहिले. "पुन्हा. पण खरी कुस्ती."

मग त्याने जरासुद्धा दया दाखवली नाही. शाळेचा जिना चढताना माझे पाय लटपटायचे. शुक्रवारी तो पुन्हा डावीकडून शिरला आणि माझा पाय – वेळेवर मागे! तो तोंडावर आपटला आणि हसत सुटला. डोळे ओले होते त्याचे. घाम असेल... मी विचारलं नाही.

शनिवारी समोरची तीनदा माझ्या डाव्या पायावर आली. तिन्ही वेळा तिच्या हाताला हवा लागली. निवड झाली!

घरी मात्र मी फॉर्म समोर ठेवून पेन उघडं धरून बसले. जावं, तर तो इथे. राहावं, तर तो सहा दिवस राबला कशासाठी?

"अगं, काय ते ठरव एकदाचं," आई म्हणाली. "पेन वाळून जाईल."

मी सही केली. फॉर्म बाबांकडे सरकवला.

"आई, बाबा, मी जातेय. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी मला भेटायला याल ना, तेव्हा गाडीत अजून एकाला घ्यायचं."

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला. "कोणाला?"

"ज्याने मला खरंखुरं पाडलं, त्याला."