मागचा बेल्ट

पनवेलहून गव्हाण हाकेच्या अंतरावर, असं म्हणणाऱ्याला रविवारी सकाळी कळंबोली सर्कलला आणून उभं करायला हवं होतं. पुढे लोखंडी कॉइल लादलेला ट्रेलर, मागे ट्रेलर, आणि मध्ये अनुयाची नवीकोरी गाडी. फोटोग्राफीचं वर्कशॉप सुरू व्हायला आलं होतं.

"नाश्ता करूनच निघू, कोणाची अक्कल ही?" तिने शेजारी बसलेल्या हेतलला विचारलं.

"तुझीच," हेतल म्हणाली. कॉलेजपासूनची मैत्रीण, तोंडावर खरं बोलायची खोड तेवढीच जुनी.

डॅशबोर्डवर चिकटपट्टीने पत्र्याचा डबा बसवला होता. आत फोटोचा कागद, पुढे सुईने पाडलेलं भोक. हाच कॅमेरा. वर्कशॉप घेणाऱ्या उदयसिंह सरांनी सांगितलं होतं, निघताना भोक उघडायचं, पोचल्यावर झाकायचं. एवढ्या वेळात जे हलतं ते पुसलं जातं, जे हलत नाही तेच कागदावर उमटतं. अनुयाने डब्याचं तोंड गाडीच्या आतच वळवलं होतं.

सर आज एकालाच निवडणार होते, वर्षभर आपल्याबरोबर काम करायला. मागे दोनदा तिने प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा एकच वाक्य ऐकलं होतं, "फोटो सुरेख आहे, पण यात कोणी नाही." त्या वाक्याने तिच्या डोक्यात तिडीक जायची. बँकेची नोकरी सांभाळून पहाटे खाडीचा चिखल तुडवायचा, आणि वर हे ऐकायचं!

तेवढ्यात टिंग-टिंग सुरू झालं. मागे बसलेल्याने बेल्ट लावला नाही की वाजतं ते.

"बॅगेचं वजन," म्हणत हेतलने मागच्या सीटवरची बॅग पुढे ओढून घेतली. आवाज थांबेना. अनुयाने गाडी बंद करून पुन्हा सुरू केली, शोरूमवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. टिंग-टिंग.

ट्रॅफिक हलायचं नाव घेत नव्हतं. वैतागून हेतल उतरली, मागचं दार उघडून आत वाकली आणि रिकाम्या सीटवरून मधला बेल्ट ओढून खटकन लावला. आवाज बंद.

"झाली शांतता?" पुढे बसताना ती हात चोळत होती. "मागे एसी केवढा गार लागतो गं!"

त्या गाडीत मागे एसीच्या जाळ्याच नव्हत्या. काचा बंद असूनही खाडीच्या चिखलाचा वास येत होता आणि गव्हाण अजून लांब होतं.

पोचल्या तेव्हा बाकीच्यांचे कागद धुऊन झाले होते. सरांनी तिचा कागद लाल दिव्याखाली धुतला, लॅपटॉपवर काळ्याचं पांढरं करून सुलटा केला आणि भिंतीवर दाखवला.

पुढच्या सीटांवर धुराचे दोन लोट होते. अनुया आणि हेतल, वळून, भांडून, चढून-उतरून पुसल्या गेलेल्या.

मागे मधोमध एक बाई बसली होती.

लुगड्याची चुणी न् चुणी दिसत होती. बेल्ट तिच्या छातीवरून नीट गेला होता. डोळे थेट डब्याकडे.

"श्वासानेसुद्धा माणूस जरा धूसर होतं," सर पुटपुटले. "खड्ड्यांतून आलात ना? मग या इतक्या स्थिर कशा राहिल्या? कोण आहेत?"

हेतलची नखं अनुयाच्या मनगटात रुतली.

"ओळखीतल्या आहेत," अनुया म्हणाली.

"पुढच्या रविवारी मोठा डबा देतो. याच बाई हव्यात. जमलं तर जागा तुझी."

तिला भीती वाटत होती. भीतीपेक्षा आनंद जास्त होत होता, आणि त्याचीही भीती वाटत होती.

"जमेल, सर."

बाहेर आल्यावर हेतल गाडीपाशी येईना. "मी रिक्षाने जाते. तूही चल. वेडेपणा करू नकोस."

"यात कोणी नाही, असं नाही म्हणाले ते या वेळी."

हेतल रस्त्याकडे वळली.

गाडी कुलूपबंद होती. आत मागचा बेल्ट सुटलेला होता.

अनुया बसली. गाडी सुरू केली.

टिंग-टिंग.

थोडा वेळ तिने ऐकून घेतलं. मग उतरून मागचं दार उघडलं. बेल्ट ओढला, आणखी ओढला. रिकाम्या सीटला लागतो त्यापेक्षा बराच ओढावा लागला. खटका बसला.

"हलू नका हं," ती हळूच म्हणाली. "रविवारपर्यंत."