पहिली फुंकर

श्रावणातल्या रविवारी विरेशनं आखाड्यावरच्या, म्हणजे शेतातल्या घरापुढं, लिंबाखाली पोतं अंथरलं आणि त्यावर सामान मांडलं: कंप्रेसर, हवेची छोटी टाकी, नळ्या, तोट्या, दाब दाखवणारं काट्याचं घड्याळ. जीपचं बॉनेट सकाळपासून उघडंच होतं. फोनवर व्हिडिओ लावून तो एकेक आटा आवळत होता. त्याची बायको अपेक्षा दोन वर्षांच्या शिवकन्येला कडेवर घेऊन उभी होती.

"एवढं सगळं मावंल का हो त्यात?"

"मावतंय. तुझं लग्नातलं कपाट थोडंच हाय ते."

जिंतूरची सडक आखाड्यापासून दीड किलोमीटर, आणि मधे सगळी काळी माती. पावसात चाकांतली हवा निम्मी सोडली की चाकं पसरतात, जीप चिखलावरून निघते. पण तशा चाकांनी सडकेवर पळता येत नाही. गेल्या वर्षी आषाढात शिवूला धाप लागली, तेव्हा सडकेच्या कडेला विरेश पायपंप मारत होता आणि अपेक्षा मांडीवरच्या लेकराच्या छातीतली शिट्टी ऐकत श्वास मोजत होती. दवाखान्यात वेळेवर पोचले, एवढंच. तेव्हापासून ती रोज मोजायची. बी.एस्सी. झालेली बाई, आकड्याशिवाय तिला धीर येत नसे. आता जीपमध्येच हवा असणार होती.

दुपारी जोडणी संपली, काट्याचं घड्याळ स्टिअरिंगशेजारी बसलं. विरेश बटण दाबणार, तेवढ्यात त्याची आई गौराबाई ओसरीवरून उठली.

"थांब रे बाबा. पैला मान लेकराचा."

सुगीचं पहिलं कणीस मोडायचं, नव्या घागरीत पहिलं पाणी ओतायचं, ते घरातल्या सगळ्यात लहान लेकराच्या हातून, अशी त्या घरची रीत.

"आई, हे हवेचं हाय. ह्यात ती काय घालणार?"

"हवाच घालंल की."

अपेक्षानं नळीचं तोंड आधी ओढणीनं पुसलं. शिवूनं गाल फुगवून त्यात जोरात फू केलं. सगळे हसले. विरेशनं तोटी बंद केली आणि बटण दाबलं.

मोटर घरघरली. काटा चढला, ठरल्या आकड्यावर मोटर आपोआप थांबली. विरेशनं टाळी दिली, तीही अपेक्षाला, आईसमोर.

मग काटा केसभर खाली आला. परत वर गेला.

"लीक हाय कुठंतरी," विरेश म्हणाला. त्यानं प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावला. एकही बुडबुडा उठला नाही. बॅटरीची वायर काढून बघितली. काटा तसाच, खाली, वर.

अपेक्षाच्या ओठांवर आकडे आपोआप आले. एक, दोन, तीन. ही लय तिच्या ओळखीची होती. कडेवरच्या शिवूची छाती तिच्या बरगडीला लागत होती. लागली की काटा वर, सुटली की खाली.

शिवू शिंकली. काटा उडाला.

अपेक्षानं तिच्या पाठीला कान लावला. शिट्टी नव्हती. वर्षभरात पहिल्यांदा नव्हती. खाली सोडल्यावर शिवू कोंबड्यांमागं पळाली, अंगणाला चार वेढे घातले, तरी धाप नाही.

"आगं बघ तर, वासरावानी उधळायली," गौराबाई म्हणाली. अपेक्षा हसता हसता डोळे पुसत होती.

"हवा सोडून सगळं नव्यानं जोडतो," म्हणत विरेशनं टाकीखालचा बोल्ट ढिला केला.

फुस्स झालं.

पळती शिवू जागीच थांबली. तोंड उघडं. आवाज नाही.

"बंद करा."

"आगं पण..."

"आधी बंद करा."

त्यानं बोल्ट आवळला. शिवूचं हसू जिथं तुटलं होतं तिथूनच पुढं सुरू झालं.

विरेशनं लेकीकडे बघितलं, काट्याकडे बघितलं. "राहू दे मग," तो हळूच म्हणाला. "चालायलंय ना."

जेवणानंतर शिवू झोक्यात झोपली. अपेक्षानं सवयीनं तिच्या नाकाखाली बोट धरलं.

काहीच लागलं नाही.

छातीही हलत नव्हती. गाल मात्र ऊबदार, ओठ गुलाबी, झोपेत हसरे.

ती ओरडली नाही. जीपमध्ये जाऊन बसली आणि मनगटावरच्या घड्याळात बघून दाबाच्या काट्याचं खालीवर होणं मोजलं. मिनिटाला सव्वीस. झोपलेल्या लेकराचा अगदी बरोबर आकडा. वर्षभरात तिला एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात शेजारच्या शेतातले दिनकरराव बैलगाडीचं टायर ढकलत आले.

"विरेश, हवेचं मशीन बसिवलंस म्हणं. एवढं चाक भर बाबा, गावात जायची खेप वाचंल."

विरेश खुशीत उठला, त्यानं नळीचं वेटोळं सोडलं. अपेक्षानं उतरून नळीचं तोंड तळहातानं झाकलं.

"आज नको, मामा."

"आगं सूनबाई, हवाच मागायलोय, जमीन न्हाई," दिनकरराव हसले.

तीही हसली. हात काढला नाही. तोटी घट्ट बंद होती. तरी तिच्या तळहाताला कोमट फुंकर लागत होती, थांबून थांबून, आणि त्या फुंकरीला दुधाचा वास होता.